जीपमधून आलेला पाहुणा

आमच्या बायकांच्या बचत गटाच्या शेंगदाणा चटणीचे चाळीस डबे घेऊन मी बीडच्या मॉलच्या मागच्या दाराशी उभी होते. तेवढ्यात एक उंच माणूस माझ्यावरच खेकसला, "लाइनीत!"

"लाइनीतच हाय की! मागं कुणी न्हाई, पुढं तुमी. अजून किती सरळ उभं राहू?"

तो थबकला. ओठांवर हसू आलं अन् लगेच मिशीत दडलं... हे गहिनीनाथ. सीमेवरच्या लढाईत मांडीत गोळी लागून फौजेतून परतलेले, अन् आता त्या मॉलच्या कंपनीचे चार जिल्ह्यांचे मोठे साहेब. पाय जरा ओढत चालायचे, पण त्या पावलांचा आवाज आला की अख्खा स्टाफ शर्ट खोचायचा.

त्यांनी चटणी चाखली. डोळ्यांत टचकन पाणी!

"तिखट हाय?"

"न्हाई—" ठसका लागला. "ठीक हाय."

"गोळीला भ्याला न्हाईत अन् मिरचीला भेता व्हय?"

"गोळी एकदाच लागली. तुमी तर दर मंगळवारी येणार... ना?"

अगं बाई! मी उगाच डबे मोजायला लागले.

मग दर मंगळवारी साहेब स्वतः माल तपासायला यायचे. एकेक झाकण उघडून बघायचे, पुन्हा लावायचे. चाळीस डब्यांना दीड तास! काय मेलं दिसत होतं त्या झाकणांत, कुणास ठाऊक. मलाही घाई नसायची, हे मात्र खरं.

दसरा जवळ आला तशी माझी झोप उडाली. शेवटी मी सांगूनच टाकलं. "पुढच्या मंगळवारपासून मी न्हाई येणार."

"कावून?"

"आई-आबा ऊस तोडायला कारखान्यावर जाणार, मी सिरसाळ्याला आत्याकडं. तिनं स्थळ बघून ठेवलंय."

त्यांच्या हातातला डबा तसाच राहिला. "तुमाला... पसंत हाय?"

"न्हाई. मला जे पसंत हायेत, ते नुसती झाकणं उघडत बसतात."

कान लाल झाले साहेबांचे! "रविवारी येतो," म्हणाले, "शिरूरला. तुमच्या घरी."

अन् आले की. कंपनीची जीप, कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत डायरी. बोलायचं ते लिहून आणलेलं! पण आमच्याकडं दसऱ्याच्या तोंडावर जीप अन् डायरी घेऊन कोण येतं? ऊसतोडीला माणसं ठरवणारा मुकादम.

"सत्यशीलाला न्यायला आलोय. तुमचा शब्द पाहिजे," ते ताठ उभं राहून म्हणाले.

आबांचा चेहरा उतरला. "पोरगी न्हाई येणार. मी अन् तिची आई केशरबाई येतो."

"तुमी? तुमी कशाला, काका? मला तीच पाहिजे."

"तिच्या हातात कोयता देणार न्हाई मी!" आबांचा आवाज फाटला. "आमी राबलो तेवढं लई झालं. निघ बे!"

आबांनी चप्पल उचलली. साहेब जागचे हलले नाहीत. मी चुलीपुढून धावत बाहेर आले.

"आबा, थांबा! ते मुकादम न्हाईत... मला मागणी घालायला आलेत!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. साहेबांच्या काखेतली डायरी खाली पडली.

"मला त्या आवडतात, काका," ते एका दमात म्हणाले. "लई आवडतात. जन्मभर सुखात ठेवीन."

आबांनी चप्पल हळूच खाली ठेवली. "मग एकटाच कावून आलास? बोलणी करायला वडीलधारं कुणी?"

"कुणी न्हाई. मायबाप मी फौजेत असतानाच गेले."

आबांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी ओसरीवर सतरंजी टाकली, साहेबांना बसवलं, स्वतः त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले अन् समोर उभ्या आईला म्हणाले, "मी पोराकडून बोलतोय, केशरबाई. आमच्या पोराला तुमची लेक द्याल का?"

आईनं डोळ्यांना पदर लावला अन् माझ्याकडं बघितलं. मी हसत, रडत जोरजोरात मान डोलवली.

"दिली," आई म्हणाली.