कृपया काजळ पुसा

"कृपया काजळ पुसा," आरसा म्हणाला.

शेवंताबाईंनी असं पाहिलं, की साधा आरसा असता तर तडकलाच असता. पण हा नेत्रदर्पण होता. समोर उभं राहिलं की डोळ्यांवरचा अश्रूंचा पातळ थर तपासायचा आणि निकाल थेट दवाखान्यात धाडायचा. डोळे स्वच्छ असल्याशिवाय मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नाही, म्हणून दवाखान्यानंच तो घरी बसवला होता. इकडे शेवंताबाईंना आता तांदळातले खडेही दिसेनात.

"काऊन वं, लपून लावते काय?" नवरा, दौलतराव, कडाडले. काळजी वाटली की ते बायकोवर ओरडत. "डोळे गेल्यावर काजळ कोणाले दाखवशीन?"

"नाही लावलं बाप्पा! तुमची आन! डबी तुमच्यादेखतच फेकली न?" शेवंताबाई फणकारल्या. "लग्नात याच काजळावर भाळले होते, आन् आता मलेच चोर ठरवता?"

दौलतराव वरमले. खोटं थोडंच होतं ते! बायकोची बाजू घ्यायला ते स्वतःच आरशासमोर जाऊन उभे राहिले. "हे पाह्य, बिनकाजळाचा डोळा असा असते!"

आरशानं नीट पाहिलं. "कृपया काजळ पुसा."

पांढऱ्या मिशांचे दौलतराव आ वासून बघतच राहिले. शेवंताबाईंना हसू आवरेना. "अवं माय! तुम्ही कवापासून नटाले लागले?"

त्यांनी लगेच दवाखान्यातल्या डॉक्टर निमजेबाईंना फोन लावला. ऐकून त्याही खळखळून हसल्या, मग दोघांचेही निकाल उघडून पाहू लागल्या.

"आजी, चूक आमची. डोळ्यात काळे कण दिसले की ते काजळच, एवढंच आम्ही आरशाला शिकवलं. पण हे काजळ नाही, काजळी आहे. तुमच्या घराशेजारच्या कोळशाच्या खाणीतून ती हवेत उडते आणि डोळ्यांत बसते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, ते त्यामुळंच."

"मग माह्यं ऑपरेशन?"

"तुमचे डोळे आम्ही इथं धुऊन घेऊ. सोमवारी या."

शेवंताबाईंना आनंदानं रडूच कोसळलं. पदरानं डोळे टिपताना शेजारी नवऱ्याची धूसर आकृती दिसली. तेही डोळे चोळत होते. वर्षानुवर्षं असेच चोळायचे, आणि विचारलं की म्हणायचे, वय झालं. शेवंताबाईंनी त्यांचा हात धरून खाली घेतला, आणि घट्ट धरूनच ठेवला.

"डॉक्टरीणबाई," त्या फोनवर म्हणाल्या, "माह्यं काजळ मी पुसलं. यांच्या डोळ्यातलं कोणी पुसाचं?"