हिसानोवन्संच्या मागून

कागोशिमात माणूस सकाळी उठला की चहाच्या आधी वारा विचारतो. समोरच्या साकुराजिमा बेटावरचा ज्वालामुखी आज कुणाच्या अंगणात राख टाकणार? त्या दिवशी रेडिओ म्हणाला, पलीकडच्या गावांवर. म्हणून माझी नणंद हिसानो आणि मी माझ्या नवऱ्याच्या, तेत्सुरोच्या होडीतून बेटावर गेलो आणि तिथून शहराकडे पोहायला लागलो. तेत्सुरो होडी घेऊन सोबत होताच.

वन्संचा हा हट्ट जुना. दर उन्हाळ्यात अर्ध्या खाडीतून त्यांना होडीत ओढून घ्यावं लागे, आणि घरी आल्यावर मी टोमणा मारायची, उरलेल्या खाडीचं लोणचं घालू का म्हणून. त्या हसायच्या नाहीत. शंभरेक वर्षांपूर्वी, तायशो काळातल्या ज्वालामुखीच्या मोठ्या स्फोटात त्यांच्या आजीला होडीत जागा मिळाली होती. आजीचे आईबाप नि भावंडं पोहत निघाली, ती शहराला कधी लागलीच नाहीत. आपल्या घरातलं एक तरी माणूस पोहून पलीकडे पोचावं, एवढंच वन्संना हवं होतं.

खाडीच्या मध्यावर डोंगर गुरगुरला. आम्ही वर पाहिलंसुद्धा नाही. इथं कोण पाहतं? चूक झाली ती तिथंच. वारा फिरला होता. भर दुपारी उजेड मावळला, गंधकाचा वास नाकात बसला, राख सळसळत पाण्यावर पडू लागली. शहर दिसेनासं झालं, होडीही. मी तेत्सुरोला हाका मारत राहिले.

मग आजूबाजूला पाण्यात हात मारल्याचे आवाज येऊ लागले. खूप हात. माझ्या पोटरीला कुणाचे तरी लांब केस चाटून गेले.

"वहिनी... आपण दोघीच आहोत ना?"

"पोहा तुम्ही."

"आजीसारखं बोलताहेत... बेटावरचं जुनं बोलणं."

"काय म्हणताहेत?"

"किनारा कुठं गेला, विचारताहेत..."

त्यांच्या वेळचा किनारा भराव घालून आम्ही कधीच शहराच्या पोटात घातला होता. त्यावर आता दुकानं आहेत. सापडणार कसा बिचाऱ्यांना?

मला वाटलं, वन्संनी आता हातपाय गाळले. पण त्या थांबल्या, पाण्यात हात फिरवून म्हणाल्या, "गार लागतंय. कोत्सुकी नदीचं पाणी आहे हे, शहरातून येतं." आणि छाती फुटेस्तोवर ओरडल्या, "चेस्तो!" धीर द्यायला आमच्याकडे हेच ओरडतात. "माझ्या मागून या सगळे!"

असं पोहताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गार पाण्याचा माग धरून त्या पुढे, मागे मी, आणि माझ्या मागे... मी वळून पाहिलं नाही. भीती होतीच. पण खोटं कशाला सांगू, आनंदही अंगात असा भरला होता की हात दुखेनात.

वन्संचा हात धक्क्याच्या पायरीला लागला. वर चढून, राखेनं माखलेलं तोंड आभाळाकडे करून त्या हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. "वहिनी, पोचले गं... आमच्या घरचे पोचले!" तेत्सुरोची होडी बऱ्याच वेळानं चाचपडत आली. बहिणीला काठावर बघून तो दोर फेकायचाच विसरला.

मी पायऱ्यांकडे पाहिलं. राखेत अनवाणी पावलं उमटली होती. मोठी, लहान, अगदी इवलीशीसुद्धा, पाण्यातून निघून शहराच्या दिशेनं गेलेली. राख पडतच होती. आमची पावलं बघता बघता बुजली. ती मात्र बुजत नव्हती.