त्रिकोण दाबणारी

कॉलेज रोडवर जयरामकाकांचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि मागे पडद्याआड व्हिडिओ गेमचे दोन टीव्ही. २००६ सालच्या नाशकात एवढ्या भांडवलावर उद्योजक म्हणवून घेता येई. ज्योत्स्ना जर्नलची झेरॉक्स काढायला आली होती. मशीन तापलेलं. ते निवेपर्यंत तिने पडदा सरकवून आत पाहिलं. आत एक मुलगा मरत होता. म्हणजे गेममध्ये. अंगावर दगड घरंगळत येई, स्क्रीनवर त्रिकोणाच्या बटणाची खूण चमके, हा चौकोनाचं बटण दाबे आणि मरे.

"त्रिकोण होता," ती म्हणाली.

"दिसला. पण माझा याला तात्त्विक विरोध आहे."

"म्हणून मरायचं?"

आता त्याने वळून पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. तेवढ्यात दगड पुन्हा आला.

त्याचं नाव ललित. दिंडोरीचा, घरी द्राक्षबाग, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. "याला क्विक टाइम इव्हेंट म्हणतात," त्याने समजावलं. "मध्येच सिनेमा सुरू होतो आणि मध्येच हुकूम येतो, हे बटण दाबा. पंगतीत जेवताना उठवून फोटोला उभं करतात, तसं. यात आपलं काय?"

"मला तर तेवढंच आवडलं. एरवी तुम्ही नुसते पेट्या फोडत फिरता."

दुसऱ्या रिमोटची वायर तुटलेली होती. अशा वेळी त्या दुकानात दोघांत एक रिमोट ही रीत होती: चालणं, मारामारी एकाने करायची आणि बटणाचा हुकूम आला की शेजारच्याने हात पुढे करून ते दाबायचं. हे काम ज्योत्स्नाकडे आलं. त्या वर्षी तिच्या जर्नलच्या इतक्या झेरॉक्स निघाल्या, की जयरामकाकांना वाटलं, पोरगी शिकवण्या घेते.

त्रिकोण रिमोटच्या उजवीकडे. तिथे आधीच ललितचा अंगठा असे. तिचं बोट आलं की तो बाजूला होई. पुढे पुढे बाजूला व्हायला उशीर करू लागला. तात्त्विक विरोध कायम होता. फक्त असे प्रसंग जास्त असलेला गेम तोच मागून घेई.

बोलणं मात्र होईना. ललितला कुठल्याही गोष्टीचा नीट विचार करायचा असे, आणि ज्योत्स्नाला वाटे, याचा विचार होईपर्यंत आपली नातवंडं—कुणाची का असेनात—शाळेत जातील.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "उद्या घरी चाललेय, सटाण्याला. रविवारी मालेगावचे लोक येतायत बघायला."

"काय बघायला?"

"कांद्याची चाळ. मला, अजून काय?"

ललित खेळत राहिला. पूल कोसळू लागला, त्रिकोण चमकला. ज्योत्स्नाने हात मांडीवरून हलवला नाही. नायक दरीत गेला.

"दाबलं का नाहीस?"

"दर वेळी मीच का दाबायचं?"

त्याने रिमोट खाली ठेवला. "मला थोडा विचार..."

"कर की. मुलगा चांगला आहे, खतांची एजन्सी आहे." ती उठली. पडद्यापाशी घुटमळली... आणि गेली.

रविवारी सकाळी ती साडी नेसून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. पोहे झाले होते. बाहेर मोटरसायकल थांबली. पाहुणे लवकर आले, असं म्हणत वडील बाहेरच्या खोलीत गेले. ते कांद्याचे व्यापारी, माणूस बघून भाव सांगणारे.

दारात ललित. इस्त्रीचा शर्ट, केसांत रस्त्याची धूळ, चेहरा पांढरा.

"या, या," वडील म्हणाले. "मालेगावहून ना?"

ज्योत्स्नाने दाराची चौकट घट्ट धरली. 'हो' म्हटलं तर चहा मिळेल, 'नाही' म्हटलं तर रस्ता. आता हा विचार करणार, तिला वाटलं. दुपारपर्यंत करणार.

"नाही काका," ललित लगेच म्हणाला. "दिंडोरीहून. पण... त्याच कामाला."

 वडिलांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ज्योत्स्नाने पदर सारखा केला आणि दाराआडून बाहेर येऊन उभी राहिली. कुणीही न बोलावता.

वडिलांनी तिला पाहिलं, त्याला पाहिलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बठा," ते घरच्या अहिराणीत म्हणाले. "मालेगाववालास्ले येवाले अजून येळ शे."