हातावरचं किण्व

फ्लोरीबाई लोपीस यांच्या सुकेळ्यांचा पहिला खोका बंदरावरच्या तपासणी कक्षात उघडला आणि जनुकवाचकाचा दिवा लाल झाला.

नव्या व्यापार करारानंतर प्रत्येक बंदरावर आणि विमानतळावर हे यंत्र बसलं होतं. वस्तूवरच्या सूक्ष्म जीवांची जनुकं वाचायची आणि त्यांतला एखादा जीव कुणाच्या मालकीचा निघाला तर माल अडवायचा, एवढंच त्याचं काम.

"यावर नोंदलेलं किण्व आहे. यीस्ट हो," तपासणी अधिकारी नसीमा तडवी म्हणाल्या. "एका परदेशी कंपनीच्या मालकीचं. परवाना आहे?"

फ्लोरीबाई आगाशीच्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. सुकेळ्यांना मधासारखा वास का येतो, हे शोधायला तीन वर्षांपूर्वी त्याच कंपनीचा एक संशोधक आला होता. दोन दिवस तो त्यांच्या घरी राहिला, वालाची भाजी दोनदा मागून जेवला, केळ्यांवरून कापसाचे बोळे फिरवले आणि गेला. पुढे साधं पत्रसुद्धा नाही.

तासाभरात कंपनीचे प्रतिनिधी सौमित्र चित्रे हजर झाले.

"रागावू नका, मावशी. किण्व तुमच्याकडे होतं, पण तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. शोध आमचा."

"माझ्या अंगणात लागलेला."

"परवाना घ्या. सोबत पाच दिवसांचं प्रशिक्षणही आहे. सुकेळी शास्त्रशुद्ध कशी करायची याचं."

फ्लोरीबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. सडकं केळं बाजूला टाकण्याआधी त्या असंच बघत. हा गृहस्थ राजेळी आणि वेलची केळं समोर ठेवली तर ओळखेल की नाही, याचीच त्यांना शंका होती.

"आणि मी नवी केळी धुऊन वाळवली तर?"

"उपयोग नाही!" चित्रे उत्साहानं म्हणाले. "ते किण्व तुमच्या हातांवर वाढतं. आईकडून मुलीकडे येतं. हेच तर आमचं संशोधन."

तडवीबाईंनी फ्लोरीबाईंचे तळवे यंत्राखाली धरले. दिवा लाल झाला.

"म्हणजे माझे हातही तुमचेच?"

"फक्त किण्व, आणि तेही व्यापारापुरतं. आमचा खास साबण आहे, तो लावलात की प्रश्न मिटला."

फ्लोरीबाईंनी हात पुढे केला. काम झालं असं समजून चित्र्यांनीही आपला हात दिला. तो दोन्ही हातांत धरून त्यांनी कणीक मळावी तसा चोळला आणि सोडला.

"तडवीबाई, आता यांचा परवाना बघा."

दिवा लाल. चित्रे हसले. बाकी कुणी हसलं नाही.

"मी कंपनीचा माणूस आहे!"

"करारात माणसांना सूट नाही," तडवीबाई पडद्यावरचं कलम वाचत म्हणाल्या. "नोंदलेला जीव विनापरवाना वाहून नेता येत नाही. विमानतळावरही हेच यंत्र आहे."

चित्रे मोरीकडे धावले. कंपनीच्या खास साबणानं त्यांनी तीनदा हात धुतले. तीनदा दिवा लाल झाला.

"साबणाचंही प्रशिक्षण घ्या," असं म्हणून फ्लोरीबाई आपल्या खोक्यांपाशी जाऊन बसल्या. त्यांचा माल अजूनही अडकलेलाच होता.

ते खोके उघडून सुकेळी तडवीबाईंनी हातमोज्यांशिवायच हाताळली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी हळूच स्वतःचा तळवा यंत्राखाली धरला.

दिवा लाल झाला. मग कुणाकडेही न बघता त्यांनी विचारलं,

"आता मी कुणाचे हात घेऊन घरी जाऊ?"