झेलाची जागा

नव्वद बीपीएम म्हणजे मिनिटाला नव्वद ठोके. आठ ठोक्यांना पाच सेकंद आणि वर एक तृतीयांश लागतो.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबते आणि हिंदीत सांगते की दरवाजा उघडतोय. या जागेवर पूर्वी मिठागर होतं.

म्हाताऱ्या कानातून आधी पक्षी जातात. मग 'स' आणि 'फ' जातात. मग नातवंडं.

बीट बनवायला शिकवणाऱ्या दिशाचा पहिला नियम: डिलीट करायचं नाही, म्यूट करायचं.

आईला एकच शब्द येतो. हां.

ट्रॅक १ : किक, स्नेअर

मी ठाण्यात एका कानाच्या दवाखान्यात श्रवणचाचण्या करते. एकोणीस वर्षं झाली. काचेच्या पलीकडे पेशंट, अलीकडे मी. मी आवाज सोडते, त्याला ऐकू आला की तो बटण दाबतो, माझ्याकडे दिवा लागतो. दिवा लागला की ऐकू आलं, नाही लागला की नाही. यात मत वगैरे नसतं, म्हणून मला हे काम आवडतं.

माझी आई ठमाबाई धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवला गाणारी. मांडव, हळद, तेल, वरात अशा प्रत्येक विधीच्या ओळी ठरलेल्या क्रमाने गायच्या, त्या थेट नवरीच्या पाठवणीपर्यंत. मध्येच थांबायचं नाही. कोलशेतपासून आंबिवलीपर्यंत आईला बोलावणी यायची. गेल्या ऑगस्टमध्ये तिला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. भूक लागली की हां, नाही लागली की हां.

थेरपिस्ट म्हणाल्या, बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं आणि गाणं बरंचसं दुसऱ्या. कधीकधी गाण्याच्या पाठीवर बसून शब्द परत येतात. तुमच्या आईचा ताल शोधा.

मी मेट्रोनोम लावला, तबला लावला, भजनी मंडळाचे व्हिडिओ लावले. आई खिडकीबाहेर बघत राहिली. मग ऑक्टोबरमध्ये तपासणीहून परत येताना आम्ही घोडबंदर रोडला पाऊण तास अडकलो. शेजारच्या रिक्षात हिपहॉप चालू होतं, डब्यात दगड घालून हलवल्यासारखा बीट. आईचं डावं बोट गुडघ्यावर पडायला लागलं. चार ठोक्यांतल्या एक आणि तीनवर नाही, दोन आणि चारवर. जिथे स्नेअरचा कडक ठोका पडतो तिथे.

मी रिक्षावाल्याला हाक मारली, "दादा, हे कुठलं गाणं?"

"गाणं नाय मॅडम, खाली बीट हाय. माझा भाचा बनवतो कंप्यूटरवर."

म्हणजे हे घरी बनवता येतं.

ट्रॅक २ : आई

दिशा डोंबिवली पूर्वेला एका ब्लाउज शिवणाऱ्या बाईंच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर शनिवारी बीट बनवायला शिकवते. वय सत्तावीस, स्वतः रॅप करते. वर्गात माझ्यापेक्षा सगळे वीस वर्षांनी लहान.

"ताई, मुलाला सोडायला आल्यात का?"

"मी शिकायला आलेय."

"अरे वा! बसा, बसा. ए, खुर्ची दे रे ताईंना, बीनबॅगमध्ये गेल्या तर बाहेर नाही यायच्या."

दोन शनिवारांत मला ड्रम मांडता यायला लागले. पडद्यावर चौकोनांची आडवी रांग असते, हव्या त्या चौकोनावर क्लिक करायचं, तिथे ठोका पडतो. तिसऱ्या शनिवारी सॅम्पल, म्हणजे कुणाच्या तरी आवाजाचा तुकडा कापून बीटवर बसवणं. मी आईचं रेकॉर्डिंग नेलं.

आमच्याकडे आईचं एकच रेकॉर्डिंग आहे, मी फोनवर केलेलं, दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यातलं. चार मिनिटं दहा सेकंद. हळदीच्या ओळी होऊन ती तेलाच्या ओळींवर येते, आणि गॅसवाला बेल वाजवतो. तिथे संपतं.

*हलद कांडतान पाच जनी गो…*

दिशाने डोळे मिटून ऐकलं. "ताई, हे गोल्ड आहे. काय आवाज आहे यार! पण प्रत्येक ओळीनंतर एवढी हवा कशाला? काढून टाका ना, टाइट होईल."

ती हवा म्हणजे झेल. धवला एकटीने गात नाहीत. पहिली ओळ टाकते, दुसरी तीच ओळ उचलून परत म्हणते. आई त्याला झेल म्हणायची. तीस वर्षं आईचा झेल आंबिवलीच्या गोदूबाईंनी घेतला. दोन हजार अकरात त्या वारल्या. त्यानंतर आई एकटी गायची, पण ओळ झाली की तेवढाच वेळ गप्प बसायची, मग पुढची ओळ. सवय, दुसरं काय. मी धवलारणीची मुलगी, मला हे माहीत होतं. तरी पडद्यावर बघितलं तर तिथे नुसती सपाट रेघ होती, काहीच नव्हतं. मी सगळ्या जागा निवडल्या आणि डिलीट केल्या. कॉपीवर केल्या, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

घरी आईला हेडफोन लावले. पहिल्या ओळीला तिचा चेहरा उघडला. तिच्या अंगावर दुसरी ओळ येऊन आदळली, मग तिसरी. तिने डाव्या हाताने हेडफोन काढले आणि टेबलावर पालथे ठेवले. तीन दिवस ती 'हां'सुद्धा म्हणाली नाही.

चौथ्या दिवशी मी जागा परत घातल्या.

ट्रॅक ३ : (रिकामा)

आता आईचं बोट दोन आणि चारवर पडत होतं, आणि झेलाच्या जागी तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ओठ शब्दांचे होते. दिवसभर आईपाशी थांबणारी रुपाली दारात उभी राहून बघत होती. "ताई, आजी बोलणार बघा. माझी पैज." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि येताना उगाच पाण्याचा तांब्या घेऊन आले.

मग मी जास्त नीट काम करायला लागले. आवाज स्वच्छ करताना लक्षात आलं की आईच्या ओळींमागे पंख्याची घरघर आहे. असणारच, मे महिना होता. झेलाच्या जागी घरघर नव्हती. ओळ संपली की पंखा थांबतो, पाच सेकंदांनी ओळ सुरू झाली की पंखा सुरू. खोलीतली शांतता कधीच पूर्ण नसते, हे मी पेशंटना रोज सांगते. या जागांमध्ये मीटर हललंच नाही.

"ते फोनच करतो ताई," दिशा म्हणाली. "बोलणं थांबलं की बारीक आवाज कापतो."

"मग पंखा हळूहळू जाईल ना. इथे कापल्यासारखा गेलाय."

"आता फोनची कंपनी काय करते मला काय माहीत? तुम्ही फार झूम करता ताई. झूम आउट करा, मजा येईल."

मी झूम आउट केलं.

बुधवारी दुपारी मी आईला दवाखान्यात नेलं. तिची चाचणी झटक्यानंतर झालीच नव्हती. चाचणीच्या खोलीला जाड दार आणि आतून फोम आहे, तिथे स्वतःच्या रक्ताचा आवाज येतो. मी तिच्या डाव्या हातात बटण दिलं आणि करून दाखवलं: आवाज येतोय तोवर दाबून ठेवायचं, थांबला की सोडायचं. ती म्हणाली, हां.

मी बाहेर येऊन बसले. यंत्र चालू केलं. अजून काहीच सोडलं नव्हतं.

दिवा लागला.

मी वायर तपासली, दुसरं बटण लावलं. आत जाऊन तिला पुन्हा समजावलं. बाहेर आले. दिवा लागला, लागून राहिला, विझला. काही वेळाने पुन्हा लागला. मी सवयीने घड्याळ लावलं. पाच पूर्णांक तीन सेकंद चालू. पाच पूर्णांक तीन सेकंद बंद. असं सतरा वेळा. दिवा बंद असताना काचेपलीकडे आईचे ओठ हलत होते.

म्हणजे तिला कुणाची तरी ओळ ऐकू येत होती, आणि ती झेल घेत होती.

आलेखाच्या कागदावर मी लिहिलं, 'सहकार्य अनिश्चित'. अशा वेळी आम्ही हेच लिहितो.

ट्रॅक ४ : मास्टर

रविवार, चोवीस नोव्हेंबर, सकाळी अकरा. रुपालीची सुट्टी. हेडफोन आईच्या कानाला रुतायचे म्हणून मी स्पीकर लावला. बीट पूर्ण झाला होता, अगदी साधा: किक, स्नेअर, खाली एक जाड सूर. मी आईच्या समोर बसून स्पेसबार दाबला.

स्पीकरमधली आई म्हणाली, *हलद कांडतान पाच जनी गो.*

समोरची आई म्हणाली, *हलद कांडतान पाच जनी गो.*

पूर्ण आवाजात. डावा हात कानावर. एकही अक्षर न अडखळता. मी तिचा गुडघा धरून बसले. चार महिने मी त्या गळ्यातून एका शब्दाची वाट बघत होते, आणि तिथून ओळी येत होत्या. मी हसत होते. मला कुणाला तरी फोन करायचा होता.

गॅसवाल्याची बेल वाजली, रेकॉर्डिंगमधली. ट्रॅक संपला. बीट संपला.

आई थांबली नाही.

पाच सेकंद ती समोर बघत राहिली, माझ्या खांद्याच्या थोडं वर. मग तिने तेलाची पुढची ओळ म्हटली. पुन्हा पाच सेकंद. मग त्याच्या पुढची. पंखा चालू होता. ती गप्प असताना मला पंखा ऐकू येत नव्हता.

आई आयुष्यभर पहिली होती. ती ओळ टाकायची. आता ती कुणाची तरी ओळ उचलत होती.

तेल झालं. *मिठाच्या बांधावरशी वऱ्हाड आयलं गो.* वरात झाली. मला सगळ्या ओळी येत नाहीत, पण क्रम येतो. लहानपणी आईच्या मांडीवर झोपून तो अंगात गेलाय. वरातीनंतर लग्न लागतं. मग सूनमुख. मग ओटी. मग पाठवणी, आणि पाठवणीनंतर धवला नाही.

तिचा चेहरा उजळत चालला होता. उजवा हात, जो ऑगस्टपासून हलला नव्हता, मांडीवरून उचलला गेला.

लग्न लागलं.

सूनमुख झालं.

ओटीची पहिली ओळ आली.

मी लॅपटॉप ओढला. हळदीची पहिली ओळ आणि तिच्यामागची जागा एवढं निवडलं, लूपचं बटण दाबलं, स्पेसबार दाबला.

*हलद कांडतान पाच जनी गो.*

आईचं तोंड ओटीच्या ओळीवर उघडं राहिलं. मग तिने हळद म्हटली. उजवा हात खाली आला. पुन्हा हळद. पुन्हा हळद. चौथ्या फेरीला, झेलाच्या जागी, तिने माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे.

"दर्शे," ती म्हणाली. "म्होरं जाऊं दे."

मी स्पेसबार दाबला नाही.

लूप

आज फेब्रुवारीची नऊ तारीख. लूप चालू आहे. लाइट जाते म्हणून मी यूपीएस घेतलाय. आवाज इतका बारीक ठेवलाय की शेजाऱ्यांना त्रास नाही. आई जेवते, झोपते, झोपेत ओठ हलतात. डॉक्टर म्हणतात तब्येत स्थिर आहे, या वयात इतकी स्थिर तब्येत त्यांनी बघितली नाही. वजन नोव्हेंबरमध्ये होतं तेवढंच, ग्रॅमचाही फरक नाही.

"ताई, एक विचारू?" रुपाली परवा म्हणाली. "आजींची नखं तुम्ही कापता का?"

"नाही. तू कापतेस ना?"

"मी नोव्हेंबरनंतर कापलीच नाहीत." ती आईची बोटं हातात घेऊन बसली होती. "कापायला लागलीच नाहीत."

मी काय करतेय ते मला कळतं. संध्याकाळी घरी आले की आई माझ्याकडे तशीच बघते, आणि मी लॅपटॉपचं चार्जिंग बघते. उद्या बंद करू, असं मी रोज ठरवते. मग मला ते दोन शब्द आठवतात, दर्शे आणि म्होरं. यातला एक मला हवा असतो.

दिशाला मी लूपची फाइल पाठवलेली. वर्गातल्या सगळ्यांची गाणी ती ऑनलाइन टाकणार होती. शनिवारी तिचा फोन आला.

"ताई, एक नंबर! मी बोललेले ना, ती हवा अशी भरायची. दुसरा आवाज तर खतरनाक आहे. फीचरिंगमध्ये नाव काय टाकू त्यांचं?"

"कुठे आहे दुसरा आवाज?"

"काय ताई! तुमच्या आई ओळ म्हणतात, त्यानंतर त्या म्हणतात त्या. जरा तरुण वाटतात. नाव सांगा ना."

मी फाइल उघडली. पडद्यावर त्या जागी सपाट रेघ होती. मी हेडफोन लावले, कान झाकले, शंभर वेळा ऐकलं. मला काही ऐकू येत नाही.

दोन हजार एकोणीसच्या त्या दुपारी, मी रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी, आईने समोर दुसरा पाट मांडला होता आणि म्हणाली होती, "बस गो बाय, झेल तू घे." मी म्हटलं होतं, "आये, मला फोन धरायचाय."