घराच्या फोटोत माणूस नको

मेहरूण तलावाच्या अलीकडची ही वसाहत साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची. बैठी घरं, पुढे फरशीचा ओटा, दारावर सिमेंटमध्ये कोरलेलं साल. ती पाडून इमारती उभ्या राहणार होत्या. त्याआधी प्रत्येक घराचे फोटो काढून ठेवायचं काम आमच्या कार्यालयाला मिळालं. मी भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली. मोजमाप नीट घेते म्हणून मला घेतलं.

तेजस सरांची सूचना एकच होती. "भूमिका, घराच्या फोटोत माणूस नको. गाड्या, कपडे, तारा, सगळं साफ कर."

सकाळी फोटो, दुपारी साफसफाई. कॉम्प्युटरवर नको ती वस्तू पुसली की त्या जागी शेजारच्या भिंतीचाच तुकडा येऊन बसतो. घाई केली तर एकच डाग दोनदा दिसतो. मी घाई करत नसे.

पहिल्या दिवशी डिंपलताईंच्या ओट्यावरची कपड्यांची दोरी पुसली. दुसऱ्या सकाळी त्या फाटकातच उभ्या होत्या.

"चोराने न्यायचं तर सिलिंडर न्यावं की नाही? ओल्या साड्यांसकट दोरी नेली मेल्याने!"

खिळेही नव्हते. मी भिंतीवरून हात फिरवला. खिळ्यांची भोकंसुद्धा नव्हती.

मग समोरच्या अंगणातली लाल मोपेड गेली. तीही मी पुसली होती.

योगायोग असतात, पण ते तपासता येतात. मी लिंबाखाली दोन विटा ठेवल्या, फोटो काढला आणि एक पुसली. सकाळी एकच वीट होती. वीट उचलली तर खाली खळगा राहतो, मुंग्या निघतात. दुसरीच्या जागी सपाट, कोरडी माती होती.

त्या दिवसापासून मी काहीच पुसलं नाही. फोटो तसेच पाठवत राहिले.

शेवटच्या घरात चुडामण नाना एकटे राहत. नोकरी वरणगावच्या कारखान्यात झाली, बोली मात्र धुळ्याकडची अहिराणीच राहिली. पुण्याच्या मुलाने, ईश्वरने, घर रिकामं आहे असं बिल्डरला कळवून टाकलं होतं. राहत्या घरातल्या माणसाला आधी दुसरी जागा द्यावी लागणार होती, आणि राहतं की रिकामं हे आमच्या फोटोंवरून ठरणार होतं. त्यामुळे कॅमेरा दिसला की नाना टोपी घालून ओट्यावर भिंतीला टेकून बसत.

"नाना, जरा आत बसता का?"

"कसाले? हाई घर मनं शे. घर फोटोमा येई अन् मी नही?"

"घर तुमचंच आहे, नाना. पण नियम आहे."

"मग नियमले सांग, म्हातारा आडमुठा शे."

ते हसले. मी फोटो काढला. नाना, मागे चुन्याची भिंत, त्यांच्या खांद्याशेजारी एक तडा, तड्याच्या वर एक पाल.

फोटो पाठवताना खाली लिहिलं : नानांना फोटोतून पुसू नये. लगेच सरांचा फोन आला.

"का नाही पुसायचं?"

"ते तिथं राहतात, सर."

"त्यांचा मुलगा तर रिकामं म्हणतोय. तू सायन्सवाली ना? भावनिक काय होतेस?"

"सर, विटांचं एक सांगायचंय, हसू नका..."

"राहू दे. तुझ्याने होत नसेल तर मी करतो. दोन मिनिटांचं काम."

"सर, थांबा..."

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर उचलला नाही.

मी रिक्षाने निघाले. ऊन डोळ्यात घुसत होतं. अर्ध्या वाटेत सरांचा मेसेज आला : झालं. घर रिकामं.

नानांचं दार उघडं होतं. पंखा फिरत होता. स्टुलावरच्या चहावर साय धरली होती.

ओटा मोकळा होता.

"नाना?"

पलीकडून डिंपलताई म्हणाल्या, "आत्ता तर बसले होते. मला म्हणाले, माझा फोटो निघाला. असतील इथंच."

आत कोणी नव्हतं. मागचं दार आतून लावलेलं होतं.

मी बाहेर आले. नाना आत्ताच टेकून बसले होते, तर तिथली भिंत त्यांच्या पाठीच्या उबेने कोमट असायला हवी होती. गार होती.

शेजारी तो तडा होता. आणि नानांच्या जागी तसाच आणखी एक. तोच वळसा, टोकाला तोच सुटलेला पोपडा.

दोन्ही तड्यांच्या वर एकेक पाल होती.

एकीने शेपूट हलवली. त्याच क्षणी दुसरीनेही.