चादरीच्या कडेला

ही गोष्ट खरी आहे. भुताची आहे, पण रात्रीची नाही. १९७६ च्या मे महिन्यातल्या एका रविवारची, दुपारी साडेतीनची. भुताला वेळेचं भान नव्हतं, त्याला गोविंदामामा काय करणार?

मामा तेव्हा मंगरूळपीरला एका कचेरीत कारकून होता. त्या दिवशी त्यानं कचेरीतला प्रोजेक्टर आणि सिनेमाची रिळं घरी आणली होती. खुद्द साहेब पाहायला येणार होते. वच्छलामामीनं धुतलेल्या बशा पुन्हा धुतल्या.

खिडक्यांना पोती लावली. भिंतीवर चादर. चादरीच्या दोन्ही बाजूंना काळी घोंगडी.

भानगड एकच होती. सिनेमा रुंद आणि चादर चौकोनी.

प्रोजेक्टरचं टेबल पुढं घेतलं की अख्खं चित्र मावायचं, पण पट्टीसारखं बारीक. मागं नेलं की चादर भरायची, पण चित्राच्या कडा घोंगड्यांवर पडून गडप व्हायच्या.

मामानं टेबल पुढं घेऊन पट्टीच लावली.

"हे मानसं आहेत का मुंगळे, जवाईबापू?" सासरे पुंजाजी म्हणाले. "अर्धी चादर उपाशी राह्यली!"

"असू द्या. समदे तं दिसून राह्यले."

पडद्यावर बंगल्यात पार्टी रंगली होती. सूटबूट, पियानो, नाच...

आणि उजव्या कडेला एक म्हातारी सुपात तूर पाखडत बसली होती.

"मोठ्या घरी बी तूरच खातेत म्हना!" पुंजाजी हसले.

मामा हसला नाही.

म्हातारीचा पदर तोंडावर ओढलेला होता. पण लुगड्याला खाकी ठिगळ होतं... मामाच्या शाळेच्या चड्डीचं.

ती त्याची माय होती. केशरबाई. दोन वर्षांपूर्वी वारलेली.

घरात तिचा एकही फोटो नव्हता. त्याच्या लग्नात फोटोवाला आला तेव्हा हेच लुगडं पाहून मामा हळूच म्हणाला होता, "माय, जरा कडेले सरक."

ती सरकली. फोटोत आलीच नाही.

"कोण हो ती?" साहेबांनी विचारलं. "एवढे टक लावून पाहताय, ओळखीची आहे की काय?"

सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या. मामीचीसुद्धा.

एक शब्द पुरला असता.

"कोणी नाही साहेब," मामा म्हणाला. "फिल्म खराब आहे."

आणि त्यानं टेबल मागं ओढलं.

चादर गच्च भरली. कडा गेल्या.

"आत्ता कसं!" पुंजाजी खूष झाले.

मग...

फट... फट... फट...

सूप.

लाउडस्पीकर डावीकडे होता. आवाज उजव्या घोंगडीतून येत होता.

पडद्यावरचा हिरो नाचता नाचता थांबला. त्यानं उजवीकडे पाहिलं. कोटाची बटणं लावली... आणि चालत कडेबाहेर गेला.

मागोमाग हिरोईन. मग पियानोवाला. पियानो वाजतच होता.

एकेक करत सगळी पार्टी कडेला निघून गेली. भरल्या चादरीवर नुसता रिकामा बंगला उरला.

घोंगडीतून बारीक आवाज आला...

"बसा न बापा... लय जागा आहे."

"टेबल पुढं घ्या न, जवाईबापू!" पुंजाजी ओरडले. "मानसं तं पाहू द्या!"

मामाचा हात टेबलावर होता. हातभर पुढं ढकलायचं, बस्स.

त्यानं बटण बंद केलं.

"बल्ब गेला," म्हणाला.

सोमवारी तेच रीळ कचेरीत लावलं. हिरो शेवटपर्यंत नाचला. उजव्या कडेला एक कुंडी होती.

आठ दिवसांनी मामी भाकरी थापता थापता म्हणाली,

"आत्याबाईले म्या ओळखलं होतं. तुमी काय म्हनता, तेच पाहून राह्यली होती."

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"त्याही पाहून राह्यल्या होत्या. तुमी 'कोणी नाही' म्हनलं... अन् त्यायनं सूप उचललं, आपल्याच आपुन कडेले सरकल्या."

तव्यावरची भाकरी करपली. कोणी उलटली नाही.

"टेबल तं तुमी मंग ओढलं."